पावसाळ्यात खताची बादली दरवर्षी का बिघडते? वास, पाणी, अळ्या आणि त्यावरचे उपाय

उन्हाळाभर व्यवस्थित चाललेली, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायची बादली जुलैत अचानक वास मारू लागते. झाकण उघडलं की चिलटं उठतात, तळातून तपकिरी पाणी झिरपतं, खालच्या मजल्यावरून तक्रार येते. घरचे म्हणतात, "पुरे झालं आता ते कंपोस्ट." बादली रिकामी होते, ऑक्टोबरात नवं कल्चर (कचरा कुजवायला विकत मिळणारं जिवाणूंचं विरजण) आणून पुन्हा सुरुवात होते आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. पावसाळ्यात मला याच तक्रारीचे फोन येतात आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने दोष कल्चरला दिलेला असतो.

कल्चरचा यात फारसा संबंध नाही. कचरा कुजवणारे जिवाणू आणि बुरश्या सालींवर, देठांवर, पाल्यावर आधीपासूनच असतात. आपलं चुकतं ते पाण्याचं गणित.

पाण्याचं गणित

भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत साधारण ७५ ते ८५ टक्के पाणीच असतं. खत नीट कुजायला ओलावा हवा ५० ते ६० टक्के. १ किलो ओल्या कचऱ्यात ८०० ग्रॅम पाणी धरलं, तर ओलावा ६० टक्क्यांवर आणायला त्यात सुमारे ४०० ग्रॅम कोरडा पाला मिसळावा लागतो. कुस्करलेला पाला फार हलका असतो. ४०० ग्रॅम म्हणजे एक मोठं पातेलं भरून, चार-पाच लिटर तरी. आपण घालतो दोन मुठी.

मग मार्चमध्ये दोन मुठींवर कसं भागतं? कारण उरलेलं पाणी हवा उडवून नेते. जुलैत मुंबईची हवाच पाण्याने भरलेली असते, आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते आणि बादलीतलं पाणी उडायला जागाच उरत नाही. त्यात आपण जपून ठेवलेला पालाही ओलावा धरतो. पाल्यातला ओलावा १० वरून २० टक्क्यांवर गेला, तर त्याच १ किलो कचऱ्याला ४०० ऐवजी ५०० ग्रॅम पाला लागतो. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच, जेव्हा पाला मिळत नाही. मातीची एकावर एक ठेवायची मडकी उन्हाळ्यात भिंतीतून ओलावा बाहेर टाकतात म्हणून उत्तम चालतात. पावसाळ्यात तो फायदा जवळजवळ संपतो. त्यामुळे "आमचं तर मडकं आहे, त्याला काय होणार" यावर विसंबू नका.

पाणी वाढलं की कचऱ्यातल्या पोकळ्या भरतात, हवा आत जात नाही आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. दुर्गंधी येते ती त्यांच्या कामातून. १९२७ पासून ज्या देवनारला मुंबईचा कचरा टाकला जातो, तिथल्या ढिगाच्या पोटात हेच बिनहवेचं कुजणं चालू असतं आणि त्यातून मिथेन निघतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे पेटलेल्या आगीचा धूर मुंबईकरांना आठवत असेल. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: बिघडलेली बादली महापालिकेच्या डब्यात उलटी करू नका. ती जवळजवळ नेहमीच दुरुस्त होते.

बादली आज बिघडली आहे, तर आज काय करायचं

रबरी हातमोजे घाला, हातावर जखम असेल तर आधी झाकून घ्या. जाड प्लास्टिक किंवा जुनं फ्लेक्स पसरा आणि बादली त्यावर पूर्ण रिकामी करा. वरवर ढवळून काही होत नाही, बिघाड तळाशी असतो. तिथे काळा, चिकट गोळा सापडेल. तो हाताने फोडा.

आता मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओलावा योग्य. धार लागली तर पाणी जास्त. मुठीत गोळा न होता भुगा पडला तर कोरडं. ही मुठीची परीक्षा पावसाळ्यात दर चार दिवसांनी करावी, तिच्यापुढे कुठल्याही मीटरची गरज नाही.

पाणी जास्तच निघणार. माल पसरून तासभर पंख्याखाली ठेवा आणि मूठ दाबल्यावर धार थांबेपर्यंत कोरडा माल (पाला, पुठ्ठा, भुसा) मिसळत जा. तेवढ्या वेळात बादली धुऊन तळाची भोकं स्क्रूड्रायव्हरने मोकळी करा. बहुतेक बादल्यांची भोकं बुजलेली असतात. फक्त तळालाच भोकं असतील तर बाजूंनाही पाडा, दोन-दोन इंचांवर. तळाशी दोन-तीन इंच जाडाभरडा थर द्या: नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या, तुकडे केलेला अंड्यांचा ट्रे. मग माल सैलसर भरा. जागा व्हावी म्हणून दाबायचा मोह होतो, तो आवरा. वर दोन इंच कोरडा थर. बादली दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि पाणी निथळेल.

पुढचे चार-पाच दिवस तिच्यात नवा कचरा टाकू नका. रोजच्या कचऱ्यासाठी दुसरी बादली हवीच. एकाच बादलीवर पावसाळा काढणं फार अवघड जातं, हे मी प्रत्येक नवशिक्याला आधीच सांगते. एक दिवसाआड खालवर करा. हवा खेळली की दोन-तीन दिवसांत वास उतरतो.

झाकणाचंही बघा. प्लास्टिकचं घट्ट झाकण असेल तर वाफ त्याला आतून चिकटते आणि थेंब परत खतात पडतात. झाकणाखाली गोणपाटाचा तुकडा किंवा जुना सुती पंचा ठेवा आणि ओला झाला की बदला. त्याऐवजी जाळीचं कापड बांधून वर तिरकं छप्पर केलं तर आणखी उत्तम. पश्चिमेकडच्या बाल्कनीत झड आडवी येते, तिथे बादली आतल्या कोपऱ्यात घ्या.

वासावरून बिघाड ओळखा

सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त, त्याचा उपाय वर आलाच.

डोळ्यांना झोंबणारा, मुतारीसारखा वास वेगळा. तो अमोनियाचा. माल फार ओला नसतानाही येतो, कारण नत्र (नायट्रोजन) जास्त झालेलं असतं: मेथी-कोथिंबिरीचे देठ, खराब झालेली कडधान्यं, कॉफीचा चोथा, खूप फुलं. कार्बन आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं. कोरडा पाला, पुठ्ठा, भुसा घातला की ते सावरतं. इथे एक नुकसान बरेच जण करतात. वास आणि किडे जावेत म्हणून चुना किंवा राख टाकतात. त्याने आम्लता उतरते आणि अमोनिया आणखी जोरात उडतो. झाडाला मिळायचं नत्र हवेत जातं आणि शेजाऱ्यांच्या नाकात. चुना टाकू नका.

आंबूस, फळं उतरल्यासारखा वास मे-जूनमध्ये येतो. आंब्याच्या साली, फणसाची चारखंडं, शिळा भात. हलका असेल तर काळजी नको, कोरडा थर वाढवा. कोयी वेगळ्या काढा, त्या कुजायला फार वेळ घेतात.

मासळीच्या वासावर बाल्कनीच्या बादलीत मला तरी समाधानकारक उपाय सापडलेला नाही. कोलंबीची सालं, खेकड्याची कवचं, बोंबलाची डोकी यांत झाडांसाठी चांगला ऐवज आहे, पण छोट्या बादलीत त्यांचा वास आवरत नाही आणि घुशी-उंदीर ओढले जातात. अंगण असेल तर फूटभर खोल पुरा. फ्लॅटमध्ये असाल तर ती महापालिकेच्या ओल्या कचऱ्यातच द्या, मनात अपराधी वाटून घेऊ नका. अंड्यांची टरफलं मात्र चुरून खुशाल घाला.

अळ्या दिसल्या म्हणून बादली टाकू नका

सर्वांत जास्त बादल्या अळ्यांमुळे बंद पडतात, म्हणून हे नीट वाचा. पावसाळ्यात दिसणाऱ्या चपट्या, वळकट्या असलेल्या, मातकट रंगाच्या, दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. शास्त्रीय नाव हर्मेटिया इल्युसेन्स. त्या चावत नाहीत. त्यांची माशीही चावत नाही, आणि घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही. उलट या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि त्या असल्या की घरमाशीच्या अळ्या कमी होतात. जगभर या अळ्या मुद्दाम पाळून ओला कचरा जिरवला जातो.

अडचण एकच, ती बघणाऱ्यांची. पूर्ण वाढलेली अळी गडद तपकिरी होते आणि कोरडी जागा शोधत बादलीची भिंत चढून बाहेर पडते. सकाळी बाल्कनीच्या लादीवर त्या फिरताना दिसल्या की घरात गोंधळ उडतो. बादलीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली की त्या बाहेर पडत नाहीत. पडल्याच तर गोळा करून सोसायटीच्या बागेतल्या मातीत सोडा, साळुंक्या आणि दयाळ त्यांच्यावर ताव मारतात.

पांढऱ्या, बारीक, एका टोकाला निमुळत्या अळ्या असतील तर त्या घरमाशीच्या. शिजवलेलं अन्न उघडं राहिलं असा त्याचा अर्थ. आमटी-भाताचं उरलंसुरलं छोट्या बादलीत घालूच नये, आणि रोजचा कचरा नुसता वर न टाकता मध्ये खड्डा करून पुरावा. चिलटांनाही हाच उपाय लागू: ओलं काही उघडं दिसता कामा नये.

फिनेल, कीटकनाशकाचा फवारा, उकळतं पाणी, यांतलं काहीही नको. किड्यांबरोबर खत करणारे जीवही मरतात आणि ते विष पुढे तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. पांढरी धाग्यांसारखी बुरशी दिसली तर चांगलं लक्षण समजा. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय. मुंबईत ही तक्रार एप्रिल-मेमध्ये येते, पाणी शिंपडलं की मिटते. तळमजल्यावर उंदरांचा त्रास असेल तर पाव इंची लोखंडी जाळी लावा आणि हातमोज्यांशिवाय बादलीला हात लावू नका. पावसाळ्यात लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका खरा असतो.

बादलीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी रोज ओता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात आणि महापालिकेचे कर्मचारी घराघरात नेमक्या अशाच जागा तपासतात. त्या पाण्याला नासका वास येत असेल तर ते संडासात ओता. वास नसेल तर दहापट साध्या पाण्यात मिसळून फुलझाडांच्या मातीला द्या. कच्च्या खायच्या पालेभाजीला देऊ नका.

कोरडा माल आणायचा कुठून

या सगळ्याचं मूळ इथे आहे. घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघत असेल, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना साधारण ३० किलो सुका पाला लागतो. म्हणजे तांदळाच्या मोठ्या चार गोण्या ठासून. हा पाला जमवायचा तो जानेवारी ते मार्चमध्ये, जेव्हा पिंपळ, देशी बदाम आणि पर्जन्यवृक्ष पानं गाळतात. पर्जन्यवृक्षाची पानं इतकी बारीक असतात की कुस्करावीही लागत नाहीत, म्हणून मला तीच सर्वांत आवडतात. बदामाची पानं जाड, ती गोणीत घालून पायाने तुडवायची. आंब्याची आणि अशोकाची पानं चिवट, फार दिवस तशीच राहतात. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींना किंवा सोसायटीच्या माळीकाकांना आधी सांगून ठेवलं तर ते आनंदाने गोण्या भरून देतात. नाहीतर तो पाला जळतो, आणि कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी बंदी घातली आहे.

गोण्या ठेवायला जागा कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. माळा, पलंगाखाली, चार घरांनी मिळून गच्चीच्या दारामागचा कोरडा कोपरा. जिन्यात ठेवू नका, आग लागली तर बाहेर पडायला तोच रस्ता असतो. ज्या सोसायट्यांत रोज १०० किलोच्या वर कचरा निघतो किंवा ज्यांचं आवार २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आहे, त्यांना महापालिकेने २०१७ पासून ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे. तिथे पाल्याचा साठा असायलाच हवा, समितीला तो मागा.

जुलै उजाडला आणि पाला नाही, तर? कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट घ्या, पण बागेसाठी करतो तशी पाण्यात फुगवू नका. कोरडीच फोडून भुगा करा. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतं, ते आधीच भिजवलं तर काय उपयोग? मात्र ते बारीक असल्याने पोकळ्या बुजतात, म्हणून सोबत पुठ्ठ्याचे किंवा अंड्यांच्या ट्रेचे तुकडे हवेत. पुठ्ठ्याची चिकटपट्टी काढून टाका. वर्तमानपत्र चालतं, पण त्याचा लगदा होऊन थर बसतो. चुरगाळून घाला, घड्या घालून नको, आणि गुळगुळीत रंगीत पुरवण्या वगळा. सुताराकडचा भुसा चांगला, मात्र तो अख्ख्या लाकडाचा हवा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. रसवंतीची उसाची चिपाडं उन्हात खडखडीत वाळवून ठेवलेली असतील तर तीही चालतात. मुंबईत गच्चीवरच्या शेतीची वाट दाखवणारे डॉ. आर. टी. दोशी चिपाडांचा भरपूर वापर करत. ओली चिपाडं मात्र बादलीत घालू नका, साखरेमुळे मुंग्या आणि आंबणं दोन्ही येतं.

विकतच्या कल्चरवर पैसे घालण्याआधी एवढं करा: जुन्या तयार खतातल्या चार-पाच ओंजळी कायम बाजूला ठेवा. नव्या बादलीला त्याहून चांगलं विरजण नाही. आंबट ताक उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात त्याने पाणीच वाढतं.

खत घातल्यावर झाड पिवळं पडलं

खत अर्धंकच्चं होतं. ते कुंडीत कुजत राहतं आणि त्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतं. तयार खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो, रंग गडद असतो आणि मूळ कचरा ओळखू येत नाही. खात्री करायला ओलसर मूठभर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून थांबा. किंवा त्यात मोहरी पेरा, ती नीट उगवली तर खत तयार.

कुंडीत खताचं प्रमाण चौथ्या हिश्शापर्यंत ठेवा, बाकी लाल माती. नुसतं खत भरलेली कुंडी पावसात पाणी धरून बसते आणि तुळस मुळापासून कुजते. भर पावसात खत घालूही नका, सत्त्व वाहून जातं. सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरला की वरून दोन ओंजळी पसरा. कुंडीत टोमॅटो, भोपळा, पपईची रोपं उगवली तर घाबरायचं कारण नाही. घरच्या बादलीत बिया मरण्याइतकी, म्हणजे ५५ अंशांच्या वरची उष्णता क्वचितच तयार होते.

गणपतीत

निर्माल्य एकदम खूप येतं आणि हवा अजून दमटच असते. दोरे, चमकी, प्लास्टिक काढा. झेंडूची अख्खी फुलं टाकली तर चिकट थर होतो, म्हणून पाकळ्या सुट्या करा आणि कागदावर एक-दोन दिवस पंख्याखाली वाळवा. दूर्वा कात्रीने कापून घाला. जास्त असेल तर विसर्जनस्थळीच्या निर्माल्य कलशात द्या, महापालिका त्याचंही खतच करते.

दहा दिवस कोकणात जाणार असाल तर निघण्याच्या चार दिवस आधी नवा कचरा बंद करा. मुठीची परीक्षा घ्या, लागेल तितका कोरडा माल मिसळा आणि वर तीन-चार इंच पाल्याचा थर द्या. प्लास्टिकचं झाकण काढून जाळीचं कापड बांधा, बादली झड लागणार नाही अशा जागी सरकवा आणि खालची ताटली काढून तिथे जुन्या गोणपाटाची घडी ठेवा. परत आल्यावर माल खाली बसलेला असेल. आधी तो खालवर करा, मूठ दाबून बघा, आणि मगच नवा कचरा टाका.